पाँडिचेरीतलं खापर

बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर मला पोचवायला बरीच मंडळी आली होती, आणि त्यातल्या एकालाही माझ्या जाण्याचं दुःख नव्हतं. माणसं स्टेशनवर येतात ती गाडी बघायला. जाऊबाईंना मात्र राग होता. घरातली एक राबणारी बाई कमी होणार, हा तो राग, आणि त्यांनी तो लपवला नाही हे एक बरं केलं.

"जाय व माय, जाय," त्या म्हणाल्या. "आखाजीच्या आंधी परत येशीन. भांडे तं हायेतच घासाले."

आई माहेराहून, दापोऱ्याहून, बैलगाडीत बसून आली होती. तिने केळीच्या पानात बांधलेली दशमी माझ्या हातात दिली आणि डोळ्यांना पदर लावून सांगितलं, "आखाजीले येजो. मांडे कराले हात लागते."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि दोघींनाही मी हवी होते ती चुलीपाशी. एकीने ते रागाने सांगितलं, एकीने रडून. गाडी सुटली तेव्हा मी दशमी उघडली आणि खाल्ली. भूक लागली होती.

आमचे यजमान बुऱ्हाणपूरच्या गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, मास्तर होते. पाँडिचेरीला फ्रेंचांच्या मुलखातल्या एका गिरणीला नवे साचे चालवणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांना बोलावणं आलं. भुसावळला गाडी बदलून, मद्रासचा धूर खाऊन आम्ही तिथे पोचलो. हद्दीवर इंग्रजांच्या जकातवाल्याने माझं पितळी पातेलं उलटंपालटं करून पाहिलं, जणू मी त्यात बंदूक लपवली होती. एक साहेब सोडून दुसऱ्या साहेबाच्या राज्यात शिरले, एवढंच. ज्यांना त्यात काही मोठं वाटतं त्यांनी ते वाटून घ्यावं.

आपल्याकडून परमुलखात गेलेल्या लोकांचा एक रोग मी तिथे पाहिला. मद्रासकडे दोन-चार मराठी घरं ओळखीची झाली होती. त्यांच्याकडे गेलं की दर वाक्याला "आमच्याकडे". आमच्याकडचं पाणी, आमच्याकडची वांगी, आमच्याकडची माणसं. एवढं सगळं चांगलं होतं तर निघालात कशाला? आणि जे मागे राहिले त्यांचा रोग याच्या उलटा. त्यांना वाटतं आम्ही इथे लोण्यात लोळतो. पाँडिचेरीत लोणी मिळत नव्हतं, आणि गहू पाववाल्याच्या मागे लागून आणावे लागत.

तिसऱ्या वर्षी यजमानांचा खोकला वाढला. कापसाची धूळ बुऱ्हाणपुरातच छातीत जाऊन बसली होती, इथे तिने डोकं वर काढलं. गिरणीच्या डॉक्टराने कान लावून ऐकलं आणि यजमानांना साच्यांवरून काढून कापड मोजायला बसवलं. पगार उतरला. आणखी बिघडलं की तेही काम जाणार, कामाबरोबर गिरणीची खोली जाणार, आणि आम्ही लालबागच्या स्टेशनवर उतरणार हे मला स्पष्ट दिसलं. पुढचंही दिसलं. दिरांच्या घरातली ओसरीची एक बाजू, आजारी नवरा, आणि जाऊबाईंची भांडी, मरेपर्यंत.

यजमान म्हणाले, "जाऊ परत. आपलं घर आहे."

मी म्हटलं, "तुमचं आहे. माझी तिथे मोरी आहे."

गिरणीने मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. तिथल्या बालवर्गाला एक मदतनीस बाई हवी होती, आणि तिला फ्रेंच यायला हवं होतं. निवड करणार होती मॅनेजरची बहीण. बिनलग्नाची, लांब नाकाची, साठीकडे झुकलेली बाई. सगळे तिला मादम्वाझेल म्हणत. दर गुरुवारी ती कामगारांच्या बायकांना फ्रेंच शिकवायची, फुकट. मी जायला लागले. माझी मराठी चौथी झालेली. तमिळ मला येत नव्हतं, वर्गातल्या बायकांना मराठी येत नव्हती, त्यामुळे शेजारणीशी भांडायचं तरी फ्रेंच शिकणं भाग होतं.

पुस्तक इतकं मूर्ख होतं की पहिल्या दिवशी मला लहान मुलांची दया आली. आजी विणते आहे. मांजर खिडकीत आहे. बर्फ पडतो आहे. बाहेर ऊन असं की कावळे चोची उघडून बसलेले, आणि आम्ही सगळ्या बायका घाम पुसत एका सुरात म्हणतोय: "इल नेज, इल नेज." बर्फ पडतो आहे. लिंगांची मात्र वर्गात रडारड होती. टेबल बाई कसं आणि सुरी पुरुष कशी, म्हणून. मला त्यात काही वाटलं नाही. तीन लिंगं सांभाळत वाढलेल्या माणसाला दोनांची काय भीती?

व्याकरणाचा एक धडा झाला की मादम्वाझेल फ्रान्सचा एक प्रांत शिकवायची. भिंतीवर चित्र टांगायची. या प्रांतात गाई आणि सफरचंदं, त्या प्रांतात ऑलिव्हची झाडं, तिसरीकडे धुराड्यावर बगळ्यासारखा पक्षी घरटं करतो. प्रत्येक प्रांताला एक गुरुवार. पण तिच्या स्वतःच्या प्रांताला, ब्रताञ्यला, गुरुवारांचा हिशेब नव्हता. तिथल्या बायकांच्या डोक्यावर लेसच्या उंच टोप्या. तिथला समुद्र खरा समुद्र. दर वाक्याची सुरुवात "शे नू". आमच्याकडे. म्हणजे हिलाही तोच रोग होता. गावाचं तोंड न बघता अर्धं आयुष्य गेलेलं, आणि आमच्याकडे, आमच्याकडे.

तोंडी परीक्षा तीच घेणार होती आणि ती कशी असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रताञ्यचा धडा पाठ म्हणून दाखवायचा. बायका दिवसभर टोप्या आणि समुद्र घोकत होत्या. मीही घोकला. मला नोकरी हवी होती, तिच्या समुद्राशी मला काय करायचं?

मग एका गुरुवारी तिने शाळेच्या अंगणात शेगडी मांडली. वर गोल, सपाट, जाड लोखंडी तवा. आज तुम्हाला आमच्याकडचं क्रेप दाखवते, म्हणाली. तिच्या देशात याची बरोबरी करणारं पातळ काही नाही. पीठ, दूध, अंडं असं पातेल्यात कालवलं, पळीभर तव्यावर ओतलं आणि लाकडाच्या छोट्या फळीने गोल फिरवून पसरलं. चेहऱ्यावर असा भाव की वर्गाला देवच दाखवते आहे. एकेकीला तुकडा दिला. बायकांनी माना डोलावल्या. "मँस, मँस." पातळ, पातळ.

अंड्याचं होतं म्हणून मी खाल्लं नाही. कड दोन बोटांत धरून पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, "स ने पा मँस." हे पातळ नाही.

मादम्वाझेलने हातातली फळी खाली ठेवली.

"न खाता सांगता?" तिने विचारलं.

"हात लावून सांगते."

"तुमच्याकडे यापेक्षा पातळ आहे?"

"आहे."

"मोंत्रे," ती म्हणाली. दाखवा. "पुढच्या गुरुवारी. आणि तीच तुमची परीक्षा. पाठ केलेलं काही नको. करताना जे करता ते फ्रेंचमध्ये बोला."

घरी आल्यावर यजमानांनी कपाळाला हात लावला. "नोकरी घालवलीस. काय गरज होती?"

गरज काही नव्हती. पण ज्या गावात मी जन्मभर पुरणाचे मांडे पाहिले, त्या गावचं माणूस तव्यावरच्या त्या गोधडीला पातळ म्हणणार नाही.

पाँडिचेरीत मांडे भाजायचं खापर कुठलं मिळायला? कुंभाराकडे जाऊन मी मातीचं मोठं पसरट भांडं घेतलं, पालथं घालायला. त्याला वाटलं बाईला भांड्याचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. पाववाल्याकडून गहू आणले, भिजवले, वाळवले, दळले, लुगड्याच्या तुकड्यातून पीठ गाळलं. आठवडाभर वर्गातल्या बायका मला वाटेत गाठून सांगत होत्या, म्हातारीची माफी माग. त्यांच्या काळजीत किती आनंद होता ते मला दिसत होतं.

गुरुवारी अंगणात तीन विटा मांडून जाळ केला, वर खापर पालथं घातलं. मादम्वाझेल खुर्ची घेऊन अगदी समोर बसली. मी बोलत गेले: पीठ घेते, पुरण भरते, बंद करते, हातावर घेते. पहिला मांडा हातांवर पसरायला लागले आणि तो फाटला. पुरण माझ्या कोपरावर. म्हातारी हसली. नुसती नाही, मागे रेलून हसली, आणि तिच्यामागे सगळं अंगण.

मग मी जे बोलले ते पुस्तकात नव्हतं. तुमच्या पाववाल्याचे गहू घोड्यांचे आहेत. तुमचा जाळ एका बाजूने आहे. तुम्ही खुर्चीत बसून वारा अडवता आहात, उठा, तिकडे सरका. आणि हसणाऱ्या बायकांनो, तुम्ही गेल्या गुरुवारी चामडं खाऊन पातळ म्हणालात, तुम्ही तर बोलूच नका. हे सगळं फ्रेंचमध्ये. चुका पुष्कळ असतील. थांबले नाही. बोलता बोलता दुसरा गोळा घेतला. माहेरी आई मागे उभी राहून म्हणायची, "हात हलका ठेव व, हात हलका." या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत, फेर वाढत गेला, पलीकडची म्हातारी त्यातून दिसायला लागली. खापरावर टाकला.

मादम्वाझेल उठली होती. मी सांगितलं होतं तिथे सरकून उभी होती.

तिने मांडा उचलला, उजेडाकडे धरला, तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "हा रुमाल आहे. यात चावायला काही नाही." मग बालवर्गाच्या खोलीकडे बोट दाखवलं. "सोमवारपासून. आठ वाजता. उशीर चालणार नाही."

पाठ म्हणणाऱ्या बायका आयुष्यभर मला म्हणत राहिल्या की म्हातारीला तू मांड्याने फितवलंस. म्हणू देत. तिला मांडा आवडला नव्हता.

त्या नोकरीवर मी यजमानांना जपलं, पुढे त्यांच्या खाटेवर दोन वेळचं गरम नेलं, आणि ते गेले तेही कोणाच्या ओसरीवर नाही. आई त्याआधीच गेली होती. तिची आखाजी माझ्याकडून झाली नाही. त्याबद्दल मला पत्रातून उपदेश करणाऱ्यांनी तिची औषधं कोण पाठवत होतं ते आधी विचारावं.

परवाच्या उन्हाळ्यात मी अखेर आखाजीला बुऱ्हाणपूरला गेले. जाऊबाई आता वाकल्या आहेत, जीभ मात्र ताठ आहे. मी कंबरेला पदर खोचून चुलीकडे निघाले, तर त्यांनी हात धरून पाटावर बसवलं.

"तू बस व. तू तं पाव्हणी."

ज्या बाईला मी भांड्यांसाठी हवी होते, तिने मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. मांडे सुनांनी केले. माझ्या पानात पहिला वाढला. मी कड दोन बोटांत धरली. मग पुतण्या म्हणाला, "काकू, एकदम मेमसाब झाल्या तुम्ही! थोडं फ्रेंच बोलून दाखवा ना." सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले, सर्कशीतला पोपट बोलणार म्हणून.

मी फ्रेंचमध्ये स्वच्छ सांगितलं: तुमचे मांडे जाड झाले आहेत, आणि हे माझ्या सासूच्या चुलीवर होतं याची तुम्हाला लाज वाटली पाहिजे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाँडिचेरीला परत आल्यावर गुरुवारी मादम्वाझेलकडे गेले. तिला आता जवळजवळ दिसत नाही. तिच्या स्वयंपाकघरात लोखंडी तवा आहे आणि त्याच्या शेजारी माझं खापर पालथं ठेवलेलं असतं. मी तिला टाळ्यांची गोष्ट सांगितली. ती तिला इतकी आवडली की दोनदा सांगायला लावली. मग मी केलेला मांडा तिने बोटांनी चाचपला, कडेपासून मधेपर्यंत, आणि म्हणाली, "एपे." जाड.

प्रवासाने माझे हात दुखत होते. मी तिला सांगितलं की आंधळ्या बाईने तोंड बंद ठेवावं. ती म्हणाली की हात चालत नसतील तर मी तिच्या खुर्चीत बसावं, क्रेप ती करेल.

मी उठले आणि दुसरा गोळा घेतला.