अंबूबाईंच्या खांद्याची रायफल

गुंजवण्याच्या अंबूबाईंचा नवरा हनुमंत गेला, तेव्हा मागे भाताची खाचरं, दोन म्हशी आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक बोल्टची रायफल राहिली. रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली. भोरला दिलेली लेक नूतन म्हणाली, "आई, विकून टाकू ती."

"आन् रानडुकरं कुणाला इकायची?" अंबूबाई म्हणाल्या.

परवाना स्वतःच्या नावावर व्हायला दीड वर्ष गेलं. पुण्याच्या खेपा, डॉक्टरचा दाखला, बंदूक चालवायचं प्रशिक्षण. तिथं अडचण कळली. अंबूबाई जेमतेम पावणेपाच फूट. दस्ता खांद्याला लावला की मान ताणूनही नळीवरच्या नेमाच्या खाचेवर डोळा पोचत नसे, आणि नळीच्या वजनानं डावा हात खाली येई.

कुणीतरी रोहिदासचं नाव सांगितलं. हा विंझरचा माणूस, फौजेत वीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून आलेला, आता पुण्यात बंदुकांच्या परवानाधारक दुकानात कामाला. अंबूबाई ठाण्यातून सोडवलेली रायफल आणि सगळे कागद घेऊन तिथं गेल्या.

"भाऊ, हलकी करून द्या. टेकाड चढताना जड हुईल."

रोहिदासनं आधी बोल्ट उघडून आत गोळी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "वैनी, हलकी रायफल न्यायला बरी, पर झाडताना सगळा धक्का खांद्यावर येतो. शिवाय दम लागला असला, की हलकी नळी लई डुलती. जड असली की जागेवर ऱ्हाती."

"मग नळी कापा थोडी."

"नळीला हात लावायचा न्हाई. कायद्यात बसत न्हाई ते. प्लॅस्टिकचा दस्ता बसवू का? वजन घटंल, आन् आपल्या वेल्ह्याच्या पावसात फुगायचा न्हाई. लाकूड फुगून नळीला दाबलं, की गोळी भलतीकडं जाती."

अंबूबाईंनी दस्त्यावरनं बोट फिरवलं. हनुमंतचा गाल टेकून टेकून तिथलं लाकूड काळं, गुळगुळीत झालं होतं.

"ह्याचं काय करनार?"

"तुमाला परत देतो की."

"परत दिऊन काय, चुलीत घालू?"

रोहिदासनं चहा मागवला. कप रिकामा झाल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या लाकूडच. पर दर पावसाळ्याआधी हितं आणायची. कबूल?"

"कबूल."

त्यानं दस्ता मागून दोन बोटं कापला, आतून थोडा पोखरला, धक्का सोसायला टोकाला रबर लावलं, लाकडाला आतून तेल पाजलं आणि नळीभोवती कागद सरकेल एवढी फट ठेवली. पंधरा दिवसांनी अंबूबाईंनी रायफल उचलली. डोळा थेट नेमावर आला.

"लई वजन काढलंत जनू!"

"पावशेरबी न्हाई, वैनी. आखूड झाली म्हनून तोल तुमच्याजवळ आलाय."

दिवाळीच्या आधी, भात पिवळं पडलेलं असताना, एका सकाळी वरच्या खाचरात डुकरं शिरली. अंबूबाई टेकाड चढून गेल्या. छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी बांधावर गुडघा टेकला, दम खाली बसू दिला. डुकरं समोरच होती, पण त्यांच्या पलीकडं धनगरवाड्यातल्या बिरूची शेरडं चरत होती. अंबूबाईंनी नळी वळवली आणि बाजूच्या मातीच्या दरडीत गोळी झाडली. डुकरं ओढ्याकडं पळाली.

बिरू धापा टाकत आला. "वैनी, तुमी झाडली?"

"व्हय. शेरडं धड हायती न्हवं?"

"हायती की. मला वाटलं हनुमंतदादाच आला."

अंबूबाई हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावून खाली बसल्या. बिरू शेजारी बसून राहिला.

खांदा संध्याकाळपर्यंत ठणकला. खाचराचा एक कोपरा डुकरांनी लोळून आडवा केला होता, बाकीचं भात उभं होतं. आठ दिवसांनी नूतन आणि जावई आले, तेव्हा कापणी झाली.