आबांची खुर्ची आणि पट्ट्याचं टोक

"आक्का, तिचं लक्षच नव्हतं. बाकी काय न्हाय," संग्राम म्हणाला.

वरकुट्याजवळ संग्रामचं डाळिंबाचं पॅकहाऊस आहे, म्हणजे माल निवडून भरायची शेड. तिथे कमलचं बोट मशीनमध्ये सापडून दोन दिवस झाले होते. नख गेलं, टोक ठेचलं, हाड वाचलं. सोमवारी परदेशी जाणाऱ्या मालाचे तपासणीवाले येणार होते. त्याआधी कमलला कामावरून काढायचं त्याने ठरवलं होतं.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"पुन्हा हुऊ नये म्हणून काय केलं, असं विचारत्यात ती माणसं. तुमी बघून गेलाय म्हणून लिहिता येईल."

"नुसतं नाव लिहायला मी कोऱ्हाळ्यातनं दोन एष्ट्या बदलून आले न्हाय."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण ग्रेडिंगच्या टेबलापुढे तीस वर्षं उभी होते, त्यातली निम्मी सुपरवायझर म्हणून. आता बारामती-इंदापूरकडच्या शेडमध्ये कुणाची पाठ धरली, कुणाला लागलं, की मालक मला बोलावतात. इंजिनियर मशीन बघतो, मी मशीनपुढची बाई बघते. शिकलेली माणसं या कामाला अर्गोनॉमिक्स म्हणतात. म्हणू देत.

ग्रेडिंग म्हणजे निवड. पट्ट्यावरून डाळिंबं सरकत येतात. दोन्ही बाजूंना बाया उभ्या असतात. डाग, चीर, आकार बघून फळ उचलायचं आणि ज्या त्या क्रेटमध्ये ठेवायचं. पट्टा संपतो तिथे तो रोलरवरून खाली वळतो. रोलर आणि पुढचा पत्रा यांच्यात बोटभर फट होती. कमल टोकाला उभी राहायची आणि तिचं बोट त्या फटीत गेलं.

कमल हाताला पट्टी बांधून दाराशी उभी होती. काम जाणार हे तिला कळलेलं होतं.

"काय झालं गं?"

"चुकलं माझं, आक्का."

"चूक कुणाची ते मी बघीन. झालं काय ते सांग."

"माझंच चुकलं," ती पुन्हा म्हणाली.

फटीवर जाळी मी त्याच दिवशी बसवून घेतली. त्यात अक्कल लागत नाही. पण सहा वर्षं काम केलेल्या बाईचा हात तिथवर गेलाच कसा, हे कळत नव्हतं. मला वाटलं, उंची. उभ्याने करायचं काम कोपराच्या थोडं खाली असावं. टेबल त्याहून उंच असेल तर खांदे भरून येतात आणि हात चुकतो. कमल बुटकी, टेबल उंच. मी बुटक्या बायांच्या पायाखाली लांब फळी टाकली आणि सापडलं म्हणून खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेटवर बसून बघत राहिले. तासभर सगळं झकास. मग अचानक फळं सुटायला लागली. डागी माल चांगल्या मालात जाऊ लागला. कमलच्या जागेवरची सुशीला सुटलेलं फळ धरायला टोकापर्यंत वाकत होती, तीही एकाच हाताने. डावा हात डोक्यावर. बाकीच्यांचाही डावा हात डोक्यावर.

मी मागे बघितलं. संग्रामचे वडील, आबा, येऊन पट्ट्याशेजारी पंख्याखाली खुर्चीत बसले होते. रोज दहाला येतात आणि जेवणापर्यंत बसतात.

त्या बाया बहुतेक त्यांच्या भावकीतल्या सुना. वडीलधारा समोर आला की डोक्यावर पदर. केसांवर पदर एकदा घेतला की बसतो. पण स्वच्छतेसाठी संग्रामने सगळ्यांना नायलॉनच्या टोप्या दिल्या होत्या. त्यांवरून पदर घसरतो. मग तो धरून ठेवावा लागतो.

कमल आजही दाराशी येऊन उभी होती, तिला मी बाजूला घेतलं. "त्या दिवशी आबा हुते?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"सासऱ्याच्या नात्यातल्या माणसावर कसं ढकलू? त्यांनी काय केलंय, आक्का?"

संग्रामला सांगितलं तर तो म्हणाला, "आबांना मी न्हाय बोलणार. मला त्याच घरात जेवायचं हाय."

मग मीच गेले.

"आबा, खुर्ची हितनं हलवायची."

"का? मी कुणाला काय बोलतो का? गप बसतो."

"तुमी गप बसता आन् बायांचा एक हात पदरातच अडकतो. कमलचं बोट तसंच गेलं."

"शेड माझ्या रानात हाय, म्हातारे."

"रान तुमचं. बोट तिचं."

आबा उठले. मग मोठ्याने म्हणाले, "पोरींनो, आजपासनं पदर घेऊ नका! माझी परवानगी हाय!"

आबा उभे राहिलेले बघून सगळ्या बायांनी दोन्ही हातांनी पदर पुढे ओढला. पट्ट्यावर एकही हात उरला नाही. पाच-सहा डाळिंबं टोकावरून खाली पडली.

"बघा," मी म्हटलं.

आबांनी बायांकडे बघितलं, डाळिंबांकडे बघितलं. "आयला," एवढंच म्हणाले आणि स्वतःच खुर्ची उचलली. "कुठं ठिवू?"

"बाहेर, गाड्या भरतात तितं. सावली हाय. ड्रायव्हर लोकांना वरडायला बी मिळंल."

ते त्यांना पटलं.

दुपारपर्यंत एकही बाई टोकाकडे वाकली नाही. मी संग्रामला म्हटलं, "आता कमलला काढायचं कारण सांग."

"न्हाय काढत, आक्का."

"मला नगं सांगू. ती दारात उभी हाय, तिला सांग."

तो गेला आणि सांगून आला. तीन आठवड्यांनी कमल त्याच जागेवर उभी राहिली. आता नख वाकडं आलंय, पण निवड पहिल्यासारखीच चालते.

लक्ष ठेव म्हणून सांगायला काही लागत नाही, म्हणून सगळे तेवढंच सांगतात. बाईचा हात कामावरून कशासाठी उठतो, ते तासभर बसून बघावं लागतं. आणि सापडलं की ती वस्तू हलवायची. माणसाला समजावत बसायचं नाही.