टेलरबाईंनी टेबल उलटं केलं

"हात लावू नकोस त्या टेबलाला. सांगून ठेवतो."

"हात लावून झालाय. आता उलटं करतेय. तुम्ही तुमची उशी सांभाळा, घसरतेय."

"अगं, दुकान आहे ते तुझं! ते पालथं घालून त्यात मला उभं करणार? मी काय कोंबडी आहे, खुराड्यात ठेवायला?"

"कोंबडी चालते तरी."

लिफ्टमननी घसरलेली उशी वर ओढली. टेलरबाईंना आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं, पण सहा फूट बाय तीन फुटांचं टेबल अर्धवट कलतं धरून माफी मागता येत नाही. त्यांनी दात आवळले, गुडघा लावला आणि टेबल फरशीवर पालथं घातलं. चार पाय वर. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय पडलं हो?"

"काही नाही! दुकान!" बाई ओरडल्या.

पुढची खोली म्हणजे दुकान. दोन शिलाई मशिनी, एक आरसा, तयार कपडे टांगायचे दोन लांब पाइप आणि हे कापड कापायचं टेबल. अर्धांगाचा झटका आल्यावर नवऱ्याची, म्हणजे लिफ्टमनची, खाट याच खोलीत आणली होती, कारण आतल्या खोलीत दोन माणसांनी मिळून एकाला उचलायला जागाच नव्हती. डावा हात, डावा पाय गेला होता. जीभ मात्र शाबूत, किंबहुना पूर्वीपेक्षा धारदार. तीस वर्षं स्टुलावर बसून लोकांना वर-खाली नेणारा माणूस आता छताकडे बघत पडला होता.

व्यायाम शिकवणारी मुलगी तीन आठवडे येत होती. मग टाळेबंदी लागली आणि सगळंच बंद झालं. ती फोनवर दिसायची, एवढीशी, गळ्यापर्यंत.

"काकू, आमच्याकडे दोन दांड्यांच्या मधून चालवतो पेशंटला. दोन्ही हातांना आधार लागतो. काकांचा पाय असाच पडून राहिला तर दोन महिन्यांत आखडेल. मग मी आले तरी फार काही करता येणार नाही."

दुकानं बंद, सुतार त्याच्या घरी, व्यायामाची मुलगी दुसऱ्या गावात अडकलेली. त्या दिवसांत साऱ्या इमारतीत ठोकाठोकी चालायची. वरच्या मजल्यावरचे बँकवाले फळ्या मारत होते, समोरची नवराबायको एकच भिंत तिसऱ्यांदा रंगवत होती. त्यांचा दिवस जाता जात नव्हता. टेलरबाईंचे दिवस हातातून चालले होते. त्यांनी कॅलेंडरवर दोन महिने मोजून खूण केली, आणि पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

तसं नवं काही शिकणं त्यांना नवं नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी सहा वर्षं नुसत्या कॉलरी शिवल्या होत्या. दिवसाला दीडशे कॉलरी, आणि त्यांच्या खाली शर्ट कसा असतो ते माहीत नाही. एक दिवस त्या थेट म्हाताऱ्या कटिंगमास्तरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मला अख्खा शर्ट शिकवा." मास्तर म्हणाले, "शिकवीन, पण जुन्या मापावर कधी कात्री चालवायची नाही. गिऱ्हाईक म्हणेल मागच्याच मापाचं शिवा. तरी टेप काढायची. माणूस बदलतो आणि त्याला पत्ता नसतो." सत्तावीस वर्षं बाईंनी हा नियम पाळला. एकच गिऱ्हाईक सोडून. नवऱ्याचे शर्ट त्या तोंडपाठ शिवायच्या.

टेबलाच्या दोन्ही टोकांच्या आडव्या पट्ट्या त्यांनी काढल्या, म्हणजे पाय अडखळायला नको. दोन्ही हात पोचावेत म्हणून खिडकीकडचे दोन पाय सोडवून आत सरकवले. कपडे टांगायचे पाइप काढून पायांच्या टोकांवर आडवे बसवले, लोखंडी कड्यांनी आवळले, आणि कड्यांचा भरवसा नाही म्हणून वरून कॅनव्हासच्या पट्ट्या जाड सुईने शिवून टाकल्या. मग स्वतः दोन पाइपांच्या मध्ये लोंबकळून पाहिलं.

"शोभतंय," खाटेवरून आवाज आला. "आता शेपूट लाव."

मनगटापासून जमिनीपर्यंत चौतीस इंच. नवऱ्याचं माप पाठ, आणि टेबलाचे पायही नेमके तेवढेच उंच. न कापता जमलं म्हणून बाई खूश.

कमरेला त्यांनीच शिवलेला रुंद पट्टा, पट्टा बाईंच्या मुठीत. लिफ्टमन उभे राहिले. उजवा हात पाइपवर गेला. डावा हात बाईंनी उचलून ठेवला, तर खांदा कानाला जाऊन टेकला. एक पाऊल पडलं. दुसऱ्याला डावा हात सटकला, गुडघा दुमडला, आणि साठ किलोंचा नवरा बाईंच्या अंगावर. दोघं टेबलाच्या पोटात बसकण मारून.

"झालं समाधान?" लिफ्टमन म्हणाले. खाटेवर गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते दोन दिवस फिरवलेलंच.

बाईंनी पाइपला कापड गुंडाळलं. पट्टा आणखी रुंद केला. व्यर्थ. तिसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला शर्ट घालत होत्या, गेल्याच वर्षी शिवलेला. बटणं लावता लावता बोटं थांबली. डाव्या खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कॉलर एका बाजूला कललेली. आठवडेच्या आठवडे रोज हीच बटणं लावत होत्या त्या, आणि दिसलं नव्हतं. गिऱ्हाईक असतं तर दारातूनच दिसलं असतं.

त्यांनी खुंटीवरची टेप काढली.

"हे काय आता?"

"उभे राहा. माप घ्यायचंय."

"माझं माप पाठ आहे ना तुला?"

"ते जुनं झालं."

लिफ्टमन बघत राहिले. आधी टेपकडे, मग बायकोकडे. "राहू दे," ते म्हणाले. आवाजात धार नव्हती. "नको घेऊस."

बाई हलल्या नाहीत. गळ्यात टेप टाकून उभ्या राहिल्या, गर्दीच्या दिवसांत एखाद्या कुरकुऱ्या गिऱ्हाइकासमोर राहायच्या तशा. पाच मिनिटं गेली असतील. मग लिफ्टमननी उजवा हात खिडकीच्या गजाकडे लांबवला.

उजवं मनगट, तेहतीस. डावं, साडेएकतीस. कंबर तीन इंच कमी. बाईंनी वहीत नवं पान उघडून लिहिलं.

"किती फरक?"

"दीड इंच."

"म्हणजे मी वाकडा झालो."

"झालात. शर्ट असता तर आतून पॅड घालून झाकलं असतं. दांडीत झाकता येत नाही. दांडी कमी करावी लागेल."

"कमी म्हणजे?"

"पाय कापायचे. टेबलाचे."

मग मात्र खोलीत जो आवाज चढला, तो वरच्या बँकवाल्यांनीही ऐकला. "डोकं फिरलंय का तुझं! एक बाजू ठेंगणी, एक उंच! त्यावर पुन्हा कापड पसरता येईल का?"

"नंतर चारही सारखे करीन."

"मग टेबल गुडघ्याला येईल! वाकून वाकून कापशील दिवसभर? एक झोपलाय घरात, दुसरीनेही झोपायचं? लोक म्हणतील, स्वतः पडला आणि बायकोचं दुकानही घेऊन पडला!"

"लोक घरात बंद आहेत सध्या. त्यांना म्हणायला जमणार नाही."

व्यायामाची मुलगीही फोनवर बिचकली. "काकू, आमच्याकडे दोन्ही दांड्या एकाच उंचीच्या असतात हं."

"तुमच्याकडे रेडीमेड असतं, बाळा. मी मापाने शिवते."

बँकवाल्यांनी दोरीला पिशवी बांधून करवत खाली सोडली. बाईंनी पाइप सोडवले, खडूने रेघ मारली. कापड कात्रीला वाट देतं. लाकूड देत नाही. करवत अडायची, उडायची, रेघ सोडून पळायची. पहिल्या पायाला अख्खी दुपार गेली. तळहाताला फोड आले, तर त्यावर कापडाची चिंधी बांधून दुसरा पाय. लिफ्टमन आधी कण्हल्यासारखे "बस्स कर" म्हणत राहिले. तिसऱ्या पायाला म्हणाले, "अगं, दाबू नकोस, नुसती ओढ." चौथ्याला पडलेला तुकडा मागून घेतला आणि हातात फिरवून बघत बसले.

या वेळी डावा हात पाइपवर ठेवला तो तिथे राहिला.

"पहिला मजला," लिफ्टमन घामाघूम होऊन म्हणाले.

"पुढे चला, बाकीचे खोळंबलेत."

रोज सकाळी आणि संध्याकाळी. एक पाऊल म्हणजे एक मजला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडायची, मग शिव्या, मग पाणी, मग परत. कॅलेंडरवरची खूण आली आणि गेली. फोनमधल्या मुलीने पाय वाकवून, सरळ करून दाखवायला सांगितला. "नाही आखडला, काकू!" ती ओरडली. "पण पट्टा सोडू नका हं एवढ्यात. भीती गेल्याशिवाय एकटे नाही चालणार ते."

थोडी थोडी दारं उघडायला लागली. फोन यायला लागले. टेलरबाई, बाह्या आखूड करायच्यात. टेलरबाई, सगळे कपडे घट्ट झालेत हो. कापड येऊन आरशाखाली पडलं आणि टेबल पालथंच.

"सरळ कर ते आता," लिफ्टमन म्हणाले.

"एकट्याने पलीकडे जा. मग करते."

"पाय वाचला ना? झालं ना तुझं? आणखी किती दिवस त्या पोरीच्या तालावर नाचायचं? गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील!"

"जाऊ देत."

"जाऊ देत? सत्तावीस वर्षांचं दुकान, आणि जाऊ देत? माझ्यामुळे गेलं तर मला सोसणार नाही. फरशीवर बसून काप, खाटेवर काप, पण माझं खुराडं उचल इथून!"

"दुकानाचं नाव पुढे करू नका!" बाईंचा आवाज फाटला. "पडायची भीती वाटते, तसं सांगा. पट्टा सोडला की पाय लटपटतात, तसं सांगा. सांगा, मी आयुष्यभर मागून धरते. दुकान गेलं तरी धरते. पण दुकानासाठी म्हणू नका!"

लिफ्टमनचा चेहरा लाल झाला. उजव्या हाताने त्यांनी खाटेची कड दाबली आणि उठले. बाई पट्ट्याकडे झेपावल्या, तर तो हात त्यांनी झटकून टाकला. उजवा हात पाइपवर. डावा, उशिरा, पण पाइपवर. पहिलं पाऊल. दुसरं. मजल्यांचे आकडे नाहीत, काही नाही. तिसऱ्याला गुडघा लचकला, बाईंनी श्वास आत ओढला, गुडघा सावरला. पाइप संपले. टेबलाची इंचभर पायरी उतरून ते थांबले. आतल्या दाराची चौकट अजून हातभर लांब.

"अहो, कुठे निघालात? थांबा, धरते मी. ऐकताय ना? उत्तर तर द्या!"

त्यांनी हात पुढे टाकला, चौकट पकडली आणि मागे वळूनही न बघता डावा पाय ओढत आत निघून गेले.