ताबुतांच्या चौकातली लाइन

नकाशाचं एक टोक माझ्या हातात होतं. ग्रामसभा देवळापुढच्या मंडपात भरली होती. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता, म्हणून आमच्या ऑफिसच्या सरांनी मला तो धरून उभं राहायला सांगितलं होतं. एरवी मला हे काम आवडतं. नकाशा धरणाऱ्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी मात्र माझ्या घामानं कागदाचा कोपरा मऊ पडला होता. सर हसतमुखानं जे समजावत होते त्यात काय राहून गेलंय, ते मला नुकतंच कळलं होतं. आणि थोड्याच वेळात लोक हात वर करून ठराव मंजूर करणार होते.

मी साताऱ्यातल्या एका खासगी ऑफिसमध्ये प्लॅनर आहे. जमिनीचे लेआउट करणं हे आमचं काम. म्हणजे प्लॉट कुठे, रस्ते कुठे, गटार कुठे, मोकळी जागा किती, हे नियमात बसवून कागदावर मांडायचं. हे काम सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावचं होतं. आमचे क्लायंट, कराडचे एक बिल्डर शेठ, यांनी गावाला लागून जमीन घेतली होती. तिथे रो हाउस आणि दोन-तीन इमारती उभ्या राहणार होत्या. अडचण एकच होती. जमिनीच्या मधोमध एच.टी. लाइन होती. एच.टी. म्हणजे जास्त दाबाची मोठी लाइन. घरात येते ती कमी दाबाची, एल.टी. मोठ्या लाइनखाली घर बांधता येत नाही. म्हणून ती जमिनीच्या कडेनं न्यायची आणि गावचा चौक ओलांडून पलीकडच्या पोलला जोडायची, असं आम्ही ठरवलं होतं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता.

साइटवर गेलं की माझी पहिली अडचण बाथरूमची. पुरुषांना ती नसते, त्यामुळे ती कुणाच्या वेळापत्रकात नसते. सभा सुरू व्हायच्या आधी मी मागच्या गल्लीत एका घराचं दार वाजवलं. मुमताजभाभी बाहेर आल्या. काही न विचारता त्यांनी आतली वाट दाखवली.

परत निघाले तेव्हा पाय कशाला तरी अडखळला. एकापुढे एक बांधून लांब केलेला बांबू भिंतीलगत आडवा ठेवला होता. भाभींच्या दारातून निघून तो शेजारच्यांच्या दारावरून पुढे वळणापर्यंत गेला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ताबुताचा मधला खांब. मोहरम जवळ आला न्हवं."

"तुमचा?"

"पाटलांचा. आमचे मालक बांदून देत्यात. आमचा येगळा हाय, त्यो मशिदीत. गावात लय ताबूत हायत ताई, हिंदूंचे बी. सगळे मिरवत चौकात येत्यात, तितं गाठ पडती त्यांची."

"एवढे उंच? मग चौकातल्या तारा?"

"वायरमन येतो सकाळी. तारा सोडून ठेवतो. संध्याकाळी परत बांदतो. सासूबाईंच्या काळापासनं हेच हाय."

एल.टी.च्या तारा एका दिवसासाठी सोडता येतात. एच.टी.च्या येत नाहीत. फार तर वीजपुरवठा बंद करतील, पण तार तिथेच राहणार. म्हणजे ताबूत चौकात येऊच शकणार नाही. आणि एखाद्या वर्षी निरोप वेळेवर पोचला नाही, लाइन चालू राहिली, तर ओल्या बांबूला हात लावून किती माणसं उभी असतील, हे मला मोजायचं नव्हतं.

मी जवळजवळ पळतच मंडपात आले आणि सरांना बाजूला बोलावून सांगितलं.

"जमिनीपासून तारांचा क्लिअरन्स नियमापेक्षा जास्त आहे," सर म्हणाले.

"सर, ताबूत त्याहून कितीतरी उंच आहे."

"ते ऑब्जेक्शन गावानं घ्यायचं. आपण क्लायंटकडून आलोय. आज ठराव झाला नाही तर शेठ माझं डोकं खाईल. तू नकाशा धर."

मी नकाशा धरला.

सरांनी बोटानं निळी तुटक रेघ दाखवली. "तुमच्या शेतांतले अडचणीचे पोल जाणार. रस्ता रुंद होणार." लोक माना हलवत होते. त्यांचा चौक आमच्या नकाशावर टिचभर पांढरी फुली होता. नकाशात उत्तर दिशा वर असते. मंडपात लोक उत्तरेकडे पाठ करून बसले होते. ती फुली म्हणजे आपण रोज चहा पितो तो चौक, हे कुणाच्या लक्षात येईल अशी शक्यता नव्हती.

शेठ पुढच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होते. सरपंचबाई ग्रामसेवकांशेजारी बसल्या होत्या. ग्रामसेवकांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

कोणी बोललं नाही. मुमताजभाभी बायकांच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या. त्यांनाही कळलं नव्हतं.

माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं. चारचौघांत मराठी बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवते. त्या वेळी एकही वाक्य जुळत नव्हतं. ग्रामसेवक म्हणाले, "मग हात वर करा."

"ही मोठी लाइन या चौकात येणार आहे," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की पहिल्या रांगेपलीकडे गेला नसावा.

पहिल्या रांगेत सुभेदार आबा होते. सैन्यातून निवृत्त झालेले, पाटील भावकीतले वडीलधारे. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणाली पोरगी? कुठल्या चौकात?"

"या. तुमच्या मागच्या."

सगळ्यांनी वळून मागे पाहिलं.

"मॅडम नवीन आहेत," सर घाईनं म्हणाले. "लाइन भरपूर उंचावर असणार आहे. नियमाप्रमाणे."

"किती उंच?" आबांनी मलाच विचारलं.

मी मीटर सांगितले. मंडपात मीटरचा काही उपयोग होत नाही हे दिसत होतं. शाळेमागं माळावर त्याच लाइनचा एक पोल उभा होता. मी तो दाखवला. "त्याच्या तारा आहेत ना, तेवढ्या." मग भाभींच्या मालकांकडे, सलीमभाईंकडे वळून विचारलं, "गल्लीतला तो बांबू इथे मोकळ्यात उभा करता येईल का?"

सलीमभाईंनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "आणा रं. अजून सजवाय घेतलेला न्हाई, चालतंय."

बांबू बाहेर यायला वेळ लागला. देवळामागं वर तारा नव्हत्या. तिथे सात-आठ जणांनी दोर लावून तो उभा केला. तो वर जात राहिला. माळावरच्या पोलची उंची मागे पडली तरी जात राहिला.

"आणि ह्यावर कळस असतोय," सलीमभाई म्हणाले.

शेठ पहिल्यांदा मोबाइलवरून वर बघत म्हणाले, "मग जरा कमी उंचीचे करा की. काळ बदललाय."

"तुमच्या इमारती कमी करा," मागून कोणीतरी म्हणालं.

"गड्या, त्यांच्या इमारती कुटं चालत येत्यात चौकात," दुसरा म्हणाला. लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "दुसरी वाट न्हाई का?"

वाट होती. लाइन चौकापुरती जमिनीखालून केबलनं नेता येते. फक्त महाग पडते, म्हणून शेठनी ती पहिल्याच मीटिंगमध्ये उडवली होती. हे सरांनी सांगायला हवं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बांबूकडे बघत म्हणाले, "अंडरग्राउंड होऊ शकेल."

तोवर एक शब्दही न बोललेल्या सरपंचबाई ग्रामसेवकांना म्हणाल्या, "तसंच लिवा. चौकातनं केबल जमिनीखालनं, खर्च बिल्डरचा. न्हाईतर ठराव न्हाई." आणि सगळ्यांआधी त्यांनीच हात वर केला.

परतताना उंब्रजला गाडी थांबली. तिथे सरांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "हे मला आदल्या दिवशी कळायला हवं होतं."

"मलाही, सर."

महिनाभरात शेठनी ते काम आमच्याकडून काढून दुसऱ्या फर्मला दिलं. सरांनी मला घालवलं नाही. पण पुढचे बरेच दिवस मला क्लायंटसमोर नेलंही नाही. त्या काळात मला एकच भीती होती, की नवीन फर्म निळी रेघ पुन्हा चौकावरून ओढेल. त्या वर्षीचा मोहरम पार पडला, चौकात अजून जुनीच परिस्थिती होती. त्यानंतरही मी भाभींना अधूनमधून फोन करायची. भाभी म्हणायच्या, "अजून काय न्हाई ताई, नुसतं मापं घेत्यात."

मग एक दिवस त्यांनी आपणहून फोन केला. चौक उकरलाय, जाड केबल टाकतायत, दोन दिवस दुकानात जायला फळी टाकावी लागतेय, अशी त्यांची तक्रार होती. मी ती तक्रार पूर्ण ऐकून घेतली.

आता नवीन गावात गेले की मी रस्त्याची रुंदी मोजण्याआधी विचारते, इथून वर्षभरात सगळ्यात उंच काय जातं. उत्तर मिळालं की ते ठरावात अट म्हणून लिहायचा आग्रह धरते. बिल्डर फर्म बदलू शकतो. ठराव त्याला बदलता येत नाही.