साहेब न झाल्याची चास्त

आमच्या नीशमध्ये, म्हणजे सर्बियाच्या दक्षिणेकडच्या शहरात, कोणाचं काही चांगलं झालं की त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं. नवी गाडी, नवं बाळ, अगदी नवे बूट घेतले तरी. याला चास्त म्हणतात. लोकांनी चास्त खाल्ली की बातमी पक्की. मग ती देवालासुद्धा मागे घेता येत नाही.

वितोमिर झ्लातानोविचला हे ठाऊक होतं. त्याच्या आईला, देसांकामावशींना, जरा जास्तच ठाऊक होतं.

विता ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. आम्ही परदेशी विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. वादळात एखाद्याचं छप्पर उडालं, तर भरपाई मिळेपर्यंत त्यानं किती बटणं दाबायची हे आम्ही ठरवतो. विता हे काम सुरेख करतो आणि वेळ संपली की पहिला उठतो, कारण त्याचं खरं काम घरी असतं.

खरं काम म्हणजे मिरच्या. सप्टेंबरात आमच्याकडे अंगणाअंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात, सोलतात आणि त्यांची आय्वार नावाची दाट चटणी शिजवून हिवाळ्यासाठी बरण्या भरतात. भाजायला पत्र्याचा आडवा पिंप असतो, हातानं फिरवायचा. वितानं त्याला मोटर लावली, कॅमेरा लावला आणि साल नेमकी कधी काळी पडली हे ओळखणारा प्रोग्राम लिहिला. म्हणजे, तो ओळखायला शिकत होता. पहिल्या वर्षी त्यानं सगळ्याचा कोळसा केला. दुसऱ्या वर्षी अंगणात अंधारून आलं, तर त्याला वाटलं सगळ्याच मिरच्या भाजून झाल्या. तपासणी खातं म्हणजे देसांकामावशी. "कच्ची!" एवढंच म्हणायच्या आणि मिरची विताच्या अंगावर फेकायच्या.

अशात आमची साहेबीण स्लाविंका विताला म्हणाली, "गटाचा प्रमुख हो. सोमवारपर्यंत विचार करून सांग."

दुसऱ्या दिवशी विता जागेवर येऊन बसला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "गेल्या उन्हाळ्यात बदली प्रमुख होतो, आठवतंय ना भावा? लोकांच्या रजा मंजूर केल्या आणि कुठली मीटिंग कधी घ्यायची यावर मीटिंगा घेतल्या. प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही."

"मग नाही म्हण."

"म्हणणारच आहे. फक्त काल जेवताना आईसमोर तोंडातून निघून गेलं."

मी कपाळाला हात लावला.

सोमवारी विता ऑफिसात पोचायच्या आत मावशी पोचल्या होत्या. गरम गिबानित्साची परातच्या परात, पापुद्र्यापापुद्र्यात चीज. सगळे तुटून पडले. स्लाविंकानं दोन तुकडे खाल्ले, मावशींच्या गालाला तीनदा गाल लावला आणि म्हणाली, "म्हणजे हो तर!" विता दारात आला तेव्हा टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याच्या हातात त्याच्याच चास्तीचा तुकडा ठेवला. बिचाऱ्यानं तो खाल्लाही.

शनिवारी मी त्यांच्याकडे मिरच्या सोलायला गेलो. पिंप फिरत होता आणि विताचा फोन वाजत होता. कोणाला रजा हवी, कोणाला खुर्ची बदलून हवी. तो फाटकापाशी फोनवर बोलत असतानाच पिंप आपोआप थांबला. मावशींनी एक मिरची उचलली आणि देठाकडून साल ओढली. अख्खी साल मोज्यासारखी निघून आली.

"झाली," मावशी म्हणाल्या. मग ओरडल्या, "विता! झाली रे! अरे, कोणाशी बोलतोयस?"

"कामाचा फोन आहे, आई."

"शनिवारी?"

"प्रमुखाला शनिवार नसतो."

"मग या पिंपाला वांगी भाजायला कोण शिकवणार? मी?"

विता फोन बंद करून आला. त्यानं ती सोललेली मिरची हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. "मला ते प्रमुखपद नकोच होतं, आई."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू सगळ्यांना खाऊ घातलंस ना! खाल्लेलं परत कसं मागू?"

मावशींनी एप्रनला हात पुसले. "परत कशाला मागायचं? वरून आणखी घालायचं."

सोमवारी त्या पुन्हा ऑफिसात हजर. पातेलंभर आय्वार, पाव, पांढरं चीज.

"आता कशाबद्दल, मावशी?" स्लाविंकानं पावावर आय्वार घेत विचारलं.

"माझा मुलगा साहेब होत नाहीये, त्याबद्दल."

स्लाविंकाचा पाव हातातच राहिला. तो घास तोंडात गेला की विता सुटला, हे तिलाही कळत होतं. तिनं विताकडे पाहिलं.

"आईनं सांगितलं ते खरं आहे," विता म्हणाला. "हे मीच आधी सांगायला हवं होतं. मला प्रोग्राम लिहायचेत, स्लाविंका. इथे तुझ्यासाठी आणि घरी मिरच्यांसाठी."

स्लाविंकानं पावाचा वास घेतला. "हे त्या यंत्रावर भाजलंय?"

"यंत्रावर," मावशी म्हणाल्या. "माझ्या देखरेखीखाली."

स्लाविंकानं घास घेतला. डोळे मिटले. विता माझ्या खुर्चीवर मटकन बसला आणि खो खो हसायला लागला.

"पण मग प्रमुख कोण होणार?" स्लाविंकानं विचारलं. सगळ्यांची तोंडं भरलेली. मी पाव कापत होतो, म्हणून माझंच तेवढं रिकामं होतं.

"मी होतो की," मी म्हणालो.

एकच हशा पिकला. मी मूळचा पिरोतचा. आमच्या गावच्या कंजूष माणसांच्या हातून पाणीही गळत नाही, अशी अख्ख्या सर्बियाची खात्री आहे. "पिरोतवाल्याची चास्त! नातवंडं खातील आमची!" कोणीतरी ओरडलं.

मला मात्र हे काम मनापासून आवडलं. मीटिंगमध्ये लोकांची भांडणं ऐकायला मिळतात आणि वर पगारही मिळतो. मी मंजूर केलेली पहिली रजा विताची. कारण: वांगी.

आणि चास्त? ती मी दुसऱ्याच आठवड्यात दिली. विताच्याच बरण्यांमधून.