सुलाबाई आल्या का?

लहानपणीच्या कार्टूनचं कुणी कौतुक सांगायला लागलं की माझं डोकं सटकतं. नातेवाइकांत मी त्यापायी बदनाम आहे. "काय लंकाबाई, लहानपणी तुम्ही कधी हसल्याच नाहीत का?" असं विचारतात. हसले की! पोट धरधरून हसले. आणि भोगलं माझ्या आत्यानं.

सायखेड्याहून तीन कोस आत आमची वस्ती. प्यायचं पाणी पायऱ्यांच्या बारवेतलं. बायका खाली उतरून, पाण्यात पाय बुडवून हंडे भरायच्या. त्या पाण्यानं नारू व्हायचा. वर्षभर काही कळायचं नाही, मग पायाला फोड यायचा आणि त्यातून सुतळीसारखा जंत डोकं काढायचा. तो न तोडता काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. माणूस महिनाभर अंथरुणाला.

१९७३ साली आरोग्य खात्याची गाडी शाळेत आली. तिच्यावर सिनेमाचं मशीन चालवणारे चिमाजीकाका पंचवटीतले. अंगात खाकी शर्ट, तोंडात कायम लवंग. सकाळी अकरालाच त्यांनी वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली आणि नारूचं कार्टून सुरू केलं. फिल्मचा आवाज बिघडलेला होता, म्हणून सगळ्यांचे आवाज काकाच काढत.

कार्टूनमधली बाई हंड्यावर दुहेरी फडकं बांधून पाणी गाळायची. पाण्यातले, नारू पसरवणारे एकडोळे किडे फडक्यावर अडकायचे, आणि काका आमच्याच बोलीत ओरडायचे, "आगं बया बया! वाट आडवली की हिनं! आता घरी कसं जायचं?" बाई फडकं उन्हात झटकायची आणि किडे तडफडून मरायचे. सगळा वर्ग लोळायचा हसून. मला मात्र शेवटी रडू आलं. केवढे गोड बोलत होते ते! मग रीळ उलटं गुंडाळताना काकांनी दिवा चालूच ठेवला, त्यामुळं चादरीवर सगळं उलटं घडायला लागलं. किडे मातीतून उड्या मारत फडक्यावर, फडक्यावरून पाण्यात. "आलो रे बाबा, घरी आलो!" काका म्हणाले, आणि मी टाळ्या पिटल्या.

माझी आई मी तीन वर्षांची असतानाच गेली. मला वाढवलं सुलाआत्यानं, बाबांच्या बहिणीनं. कांदे लावायला ती रोज दुसऱ्याच्या शेतात जायची. घरचं पाणी गाळायचं काम माझं, कारण शाळेत शिकून आलेली मी. मी रांजणावर फडकं बांधून पाणी गाळायची. आणि मग कुणी बघत नाही असं बघून तेच फडकं रांजणात बुचकळायची. "जा बाबांनो, घरी जा." आठ वर्षांची होते मी. काय अक्कल असणार!

पुढच्या उन्हाळ्यात आत्याच्या घोट्याला फोड आला. पाणी मीही प्यायले होते, बाबाही प्यायले होते. नारू झाला तो तिलाच. काडी गुंडाळताना ती पदराचा बोळा दातात धरायची. तपासायला आलेली नर्स म्हणाली, "पाणी गाळत नाही का तुम्ही?"

"गाळतो की," आत्या म्हणाली. "आमची लंका रोज गाळती. लय गुणाची हाय."

हा माझ्या बुचकळण्याचाच प्रताप, हे मला तेव्हा उमगलं. आत्याला कळलं तर ती मला जवळ घेणार नाही, एवढंच डोक्यात.

पंधरा दिवसांनी गाडी परत आली. मी चिमाजीकाकांना शाळेमागं गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. काकांनी लवंग थुंकली. मग म्हणाले, "चूक तुझी नाही गं पोरी. पोरं हसतात म्हणून मीच किड्यांना गोड बोलायला लावलं." त्यांनी माझा हात धरला आणि सरळ आमच्या घरी घेऊन आले. नको नको म्हणत मी रडत होते.

आत्या ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मी हुंदके देत सांगितलं. तिनं मला ओढून मांडीवर घेतलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तू फडकं बुचकळायचीस ते मी दोन-तीनदा पाह्यलं व्हतं. मला वाटलं, पिच्चरमधी तसंच दावलं आसंल. तू शाळेत जाती. मला काय कळतं त्यातलं?"

माझ्यापेक्षा काकांना ते जास्त लागलं. ते म्हणाले, "सुलाबाई, तुम्ही आल्या नव्हत्या का पिच्चरला?"

"भाऊ, अकराला कोन घरी आसतं? समद्या बाया कांद्यात. पानी आम्ही भरायचं आन पिच्चर पोरांनी बघायचा."

त्या दिवशी काकांनी शाळेतला खेळ रद्द केला. मुख्याध्यापक चिडले, साहेबांना कळवीन म्हणाले. काका म्हणाले, "खुशाल कळवा." दिवेलागणीला बाया शेतातून आल्यावर त्यांनी आमच्या गोठ्याच्या भिंतीवर चादर लावली, आत्याची बाज पुढं ठेवली, आणि मगच मशीन सुरू केलं. किड्यांना या खेपेला आवाज नव्हता. बोलली ती फक्त पाणी गाळणारी बाई. रीळ उलटं गुंडाळताना त्यांनी दिवा बंद केला.

आत्याचा नारू निघाला, पण पाय कायमचा आखडला. तरी लंगडत कामाला जायची. मला तिनं एकदाही बोल लावला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९८६ साली त्र्यंबकच्या बाजूला एका खेड्यात मी शिक्षिका म्हणून लागले. पहिल्याच महिन्यात गाडी आली. चिमाजीकाका पार पिकले होते, चष्मा लागला होता. संध्याकाळी पारापुढं गाव जमला, पोरं पुढं घुसली. काकांनी त्यांना मागं सारलं, मशीनजवळ उभे राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "सुलाबाई आल्या का?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. शेजारची बाई मला म्हणाली, "हे दर गावात आसंच इचारत्यात म्हनं. आन बाया पुढं बसल्याबिगर मशीन चालू करीत नाय. कोन वो ही सुलाबाई?"

आत्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बायका एकेक करून पुढं सरकल्या, लुगडी सावरून बसल्या. काकांनी पुन्हा विचारलं, "सुलाबाई आल्या का?"

मी उठून उभी राहिले. "आल्या, काका. करा सुरू."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही, कोण जाणे. मान हलवली आणि बटण दाबलं.