धाकटीची कंपनी

धाकटी अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली. थोरली लग्न करून लांब गेली, वडील गेले, पण आईने लाडाने ठेवलेलं नाव काही सुटलं नाही. तिच्या केशकर्तनाच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंही तिला तेच म्हणत. दुकानाच्या डायरीत रोजच्या पानावर दोन रकाने असत. एकावर ‘धाकटी’, दुसऱ्यावर ‘रंगवाली’, म्हणजे केस रंगवणारी तिची जोडीदारीण. दुकानात एकच नियम कडक होता: गिऱ्हाईक जिच्या रकान्यात, डोकं तिचं. दुसरीने त्याला कंगवासुद्धा लावायचा नाही.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या आणि तिथे ती आईबरोबर राहायची. आईला दीड वर्षापासून माणसं ओळखू येत नव्हती. समोर उभ्या लेकीला ती कधी नर्स समजे, कधी पोस्टातली बाई. पण दर सोमवारी अकरा वाजता, दुकान बंद असताना, धाकटी तिला खाली आणून तिचे केस धुवायची. बोटं टाळूला टेकली की आई डोळे मिटून म्हणायची, “आलीस का, धाकटे?” आठवड्यातली तेवढी वीस मिनिटं धाकटीला आई असायची. बाकीचा आठवडा ती त्या वीस मिनिटांच्या जिवावर काढायची.

अशात पलीकडच्या गल्लीतल्या एका केशकर्तनकाराने एका बाईचे केस सरळ करताना औषध जरा जास्त वेळ ठेवलं. बाईची टाळू भाजली, खटला झाला, आणि त्या भल्या माणसाचं राहतं घर गेलं. हे ऐकून धाकटीला आपल्या मालकीच्या वरच्या दोन खोल्या आठवल्या. स्वतःच्या मोरीची वाट विसरणाऱ्या आईला परक्या खोलीत नेऊन ठेवायचं, म्हणजे तिला उरलंसुरलं विसरायलाच लावायचं. दुसऱ्या दिवशी तिने वकील गाठला.

“मर्यादित जबाबदारीची कंपनी काढा,” वकील म्हणाला. “एकटीचीसुद्धा निघते. उद्या काही वेडंवाकडं झालंच, तर ते कंपनीच्या अंगावर येईल. तुमच्या घराच्या केसालाही धक्का लागणार नाही.” केशकर्तनवालीपुढे आपण काय झकास बोललो, या कल्पनेने तो स्वतःच हसला.

“म्हणजे दुकान माझं नाही राहणार?”

“मालकीण तुम्हीच. पण कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती. यापुढे दुकानात जे काही होईल ते ती करणार, तुम्ही नाही. तेव्हा सगळं तिच्या नावावर करून टाका, काहीही विसरू नका.”

तिने सुचवलेली दोन नावं आधीच कुणीतरी घेतलेली निघाली. तिसरं, काहीच अर्थ नसलेलं, मंजूर झालं. नोंदणीचा दाखला आला तेव्हा वकिलाने फोन केला, “अभिनंदन, मुलगी झाली.”

धाकटी सांगितलं तसं तंतोतंत करणारी. तिने पाटी बदलली, पावत्या बदलल्या, विजेचं बिल बदललं. वकिलाला एवढंच म्हणायचं होतं, पण ही बया डायरी घेऊन बसली. वर्षभराच्या पानांवरचं ‘धाकटी’ खोडून तिथे तिने कंपनीचं नाव घातलं. सोमवारचं ‘अकरा वाजता, आई’ त्याच रकान्यात होतं, पण तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात ती दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि तिथे उशीर झाला. परत येते तर शाळेतल्या बाई, तिचं बारा वर्षांचं गिऱ्हाईक, केस कापून बाहेर पडत होत्या. “वाट देता का जरा?” त्या तिला म्हणाल्या आणि निघून गेल्या.

“कापले कुणी?” धाकटीने विचारलं.

“कुणी म्हणजे? तूच,” रंगवाली म्हणाली. “पाठ बघितली की मी तुझी.”

“आणि तोंड?”

“माझे हात रंगात होते गं. तुझं तोंड कुठे बघत बसू?”

मग हे रोजचंच झालं. ती फवारा भरायला आत जायची, आणि बाहेर येईपर्यंत खुर्चीतल्या माणसाची मान झटकून झालेली असायची. खाली केस पडलेले, कात्री पुसून जागेवर. कापही तिचाच होता, फक्त तिच्यापेक्षा चांगला. अंगठा दुखायचा म्हणून तिची डावी बाजू नेहमी किंचित लांब राहायची. आता दोन्ही बाजू सारख्या होत होत्या. धाकटी घाबरली हे खरं, पण त्याआधी तिला हेवा वाटला, हेही खरं.

तिने वकिलाला फोन लावला. “कंपनी बंद कशी करायची?”

“अर्ज कंपनीनेच करायचा असतो. का? छान चाललंय की.”

“मग निदान डायरीत माझं नाव परत घालते.”

“अजिबात नको,” वकील गंभीर झाला. “तिचं काम तुम्ही आपल्या नावावर दाखवलंत, की जबाबदारीही तुमची. मग घर पुन्हा धोक्यात.”

धाकटीने हातातलं पेन खाली ठेवलं. तिने मनाशी ठरवलं, सोमवारी आईला खाली न्यायचंच नाही. वरच बादलीत पाणी घेऊन केस धुवायचे.

सोमवारी ती पाणी तापवत होती. अकरा वाजले आणि आई खाटेवरून उठली, चप्पल घातली आणि जिना उतरायला लागली. दीड वर्षात पहिल्यांदा तिला वाट सापडली होती. धाकटी टॉवेल घेऊन मागे धावली. ती दुकानात शिरली तेव्हा आई बेसिनच्या खुर्चीत मान मागे टाकून बसली होती आणि नळ चालू होता.

धाकटी दोन पावलांवर थांबली. तिचे हात कोरडे होते. आईच्या पांढऱ्या केसांत फेस वर येत होता, कानामागे, मग कपाळाशी, मग टाळूवरच्या भोवऱ्याभोवती गोल गोल. अगदी ती स्वतः करायची तसा.

“आलीस का, धाकटे?” आई म्हणाली.

“आई, मी इथे आहे. इकडे बघ, मी इथे उभी आहे.”

आईने डोळे उघडले. तिच्याकडे पाहून ती हसली, परक्या माणसाकडे बघून हसावं तसं, अदबीने. मग पुन्हा डोळे मिटून घेत वरच्या दिशेला हळूच म्हणाली, “धाकटे, या बाई कधीच्या उभ्या आहेत बघ. त्यांना बसायला तरी सांग.”